व्यवसायाचे संशोधन कोणासाठी?

(बोरगाव मेघे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बोरगाव मेघेचा कारभार ग्रामपंचायतीचा. पण २०११ च्या जनगणनेने त्याची नोंद 'जनगणना नगर' म्हणून केली. हे नाव कोणत्याही वाढत्या खेड्याला मिळत नाही. वस्ती किमान ५,००० हवी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे हवीत आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर जगणारे हवेत. याचा अर्थ असा की, ज्या वस्तीला सरकार अजून खेडे म्हणते, तिची चूल शेतीवर पेटत नाही. ती पेटते नोकरीवर आणि मजुरीवर, आणि त्याचबरोबर किराणा दुकानावर, शिलाईयंत्रावर, वेल्डिंगच्या टपरीवर, दुचाकी-दुरुस्तीवर, सेंट्रिंगच्या कामावर आणि खानावळीवर.

हे सारे व्यवसायच आहेत. तथापि विद्यापीठात 'व्यवसाय' हा शब्द उच्चारला की, डोळ्यांपुढे ही टपरी येत नाही. येते ती कंपनी. व्यवसाय-व्यवस्थापनाचे विभाग, संशोधन केंद्रे, उद्योजकता-मंडळे आज बहुतेक विद्यापीठांत आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने तर नवोपक्रम व उद्योजकतेसाठी प्रत्येक विद्यापीठात स्वतंत्र मंडळाची तरतूद केली. या केंद्रांची गरज आहे की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. त्यांच्या दारी प्रश्न कोणी न्यायचा आणि उत्तर कोणाच्या हाती पडायचे, हा खरा मुद्दा आहे.

आरंभ चपलाबुटांच्या दुकानापासून

व्यवसाय-संशोधन ही कल्पना मुळातच भांडवलदारांची, म्हणून समाजवाद्यांनी तिच्याकडे पाठ फिरवावी, असे मानणारे काही कार्यकर्ते आहेत. त्यांनी या कल्पनेचा इतिहास पाहावा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय-विद्यालयाने १९११ साली व्यवसाय-संशोधनासाठी एक स्वतंत्र कार्यालय उघडले. या प्रकारच्या आरंभीच्या केंद्रांपैकी ते एक. त्याने पहिला विषय घेतला तो पोलादाच्या कारखान्याचा नव्हे, रेल्वे-कंपनीचाही नव्हे. तो होता पादत्राणांच्या किरकोळ दुकानांचा.

संशोधक दुकानोदुकानी गेले तेव्हा त्यांना आढळले की, प्रत्येक दुकानदाराची वहीखात्याची पद्धत निराळी. एकजण स्वतःच्या मालकीच्या जागेचे भाडे खर्चात धरी, दुसरा धरीत नसे. एकजण स्वतःच्या श्रमाचा पगार मांडी, दुसरा नफा म्हणून खिशात घाली. अशा हिशेबांची तुलना करणार कशी? म्हणून त्या कार्यालयाने प्रथम सर्व दुकानदारांना वापरता येईल अशी समान हिशेबपद्धती तयार केली. दुकानदारांनी त्या पद्धतीने आकडे पाठवावेत, कार्यालयाने नावे गुप्त ठेवावीत आणि या धंद्यात शंभराच्या विक्रीमागे भाड्यावर, पगारावर, जाहिरातीवर सर्वसाधारणपणे किती खर्च होतो ते जाहीर करावे, असा तो व्यवहार होता. १९१३ साली त्याची पहिली पत्रिका निघाली. पुढे किराणा दुकानांसाठीही अशीच पद्धती तयार झाली.

यातील अर्थशास्त्र समजावून घेण्याजोगे आहे. मोठी कंपनी स्वतःचा संशोधन-विभाग ठेवू शकते, सल्लागार नेमू शकते. छोट्या दुकानदाराला ते परवडत नाही. शिवाय एका दुकानाच्या आकड्यांना एकट्याने फारसा अर्थ नसतो. शेकडो दुकानांचे आकडे शेजारी ठेवले म्हणजेच त्यांतून ज्ञान निर्माण होते. हे ज्ञान एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. असे ज्ञान बाजार आपण होऊन पुरवीत नाही. ते सार्वजनिक संस्थेनेच निर्माण करावे लागते. विद्यापीठात व्यवसाय-संशोधन केंद्र का असावे, याचे सर्वांत सबळ उत्तर हेच आहे.

पुढे मात्र वारे बदलले. वर्गात शिकवण्यासाठी एकेका कंपनीची प्रकरणे लिहिण्याची पद्धत रुजली आणि अशी प्रकरणे कंपनीची संमती घेऊनच प्रसिद्ध करण्याची प्रथा पडली. जिच्याविषयी लिहायचे तिचीच संमती आवश्यक म्हटल्यावर कामगार-कपातीची वा पुरवठादाराच्या पिळवणुकीची कथा अभ्यासक्रमात कितीशी येणार? १९५९ साली अमेरिकेत दोन मोठ्या प्रतिष्ठानांच्या अहवालांनी व्यवसाय-शिक्षण उथळ असल्याची टीका केली. त्यानंतर संशोधन अधिक काटेकोर झाले, गणिती झाले. पण ते प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी लिहिलेल्या नियतकालिकांत बंदिस्त झाले. चपलाबुटांचे दुकान दूर राहिले. भारताने हे प्रारूप उचलले ते नेमके याच सुमारास.

एक नाव, दोन संस्था

वर्ध्याच्या माणसाला यातील विरोधाभास सहज कळावा. जमनालाल बजाज हे वर्ध्याचे नाव. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय-विद्यालयाच्या सहकार्याने जी व्यवस्थापन-अभ्यास संस्था काढली, तिला जमनालालजींचे नाव आहे. त्याच्या काही वर्षे आधी, पन्नासच्या दशकात, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांसाठी जी केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली, तिलाही जमनालालजींचेच नाव होते. पहिल्या संस्थेने देशाला नामवंत व्यवस्थापक दिले, यात शंका नाही. दुसरीचे २००८ साली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत रूपांतर झाले. आज पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून देशभरातील तरुण परीक्षा देतात. दुसरीत काय चालते, हे वर्ध्याच्या पदवीधरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. समाजाने कोणत्या व्यवसायाला विद्या मानले आणि कोणत्याला नाही, हे या अंतरावरून दिसते.

मगनवाडीचा मूळ इतिहास तर याहून बोलका आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम जमनालालजींनी दिलेल्या या वाडीत सुरू झाले. त्याची धुरा वाहिली ती जे. सी. कुमारप्पा यांनी. कुमारप्पांची गणना सहसा तत्त्वचिंतकांत होते. त्यांचा मूळ पेशा मात्र हिशेबतपासनिसाचा होता. लंडनमध्ये ते लेखाशास्त्र शिकले, १९२८ साली अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठातून त्यांनी व्यवसाय-प्रशासनाची पदवी घेतली आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. आजच्या भाषेत सांगायचे तर मगनवाडीचे संशोधन एका परदेशी 'बिझनेस स्कूल'च्या पदवीधराने उभारले.

भारतात परतल्यावर त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम म्हणजे गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. ती गुजरात विद्यापीठाची पाहणी होती आणि काकासाहेब कालेलकर त्या वेळी विद्यापीठाचे कुलनायक होते. शेतकऱ्याचे उत्पन्न किती, खर्च किती, शेतसारा दिल्यावर हाती उरते काय, हा हिशेब घरोघर जाऊन मांडला गेला. कंपनीच्या ताळेबंदाला जी कसोटी लावायची तीच तालुक्याच्या ताळेबंदाला लावली गेली. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. सहाशेवर खेड्यांची पाहणी करून १९३९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध होऊ लागला. वर्धा जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात होता.

मगनवाडीचे काम पाहणीवर थांबले नाही. तेलाच्या घाण्यात सुधारणा झाली आणि ती 'वर्धा घाणी' या नावाने देशभर गेली. हातकागद, मधमाशापालन, धूर कमी करणारी मगन चूल, वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप, असे प्रयोग झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. प्रयोगांचे निष्कर्ष 'ग्रामोद्योग पत्रिके'तून छापले जात. त्यात कोणाचे एकस्व नव्हते, कोणाचे व्यापारी गुपित नव्हते. तेल्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेल्यालाच मिळत असे.

या कामाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. स्वस्त गिरणीच्या मालापुढे अनेक ग्रामोद्योग टिकले नाहीत. केवळ सुधारित अवजाराने बाजार जिंकता येत नाही. जातीने बांधलेल्या धंद्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुणाला तोच धंदा सुधारून देणे म्हणजे मुक्ती नव्हे, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु संशोधनाची जी रीत मगनवाडीने घालून दिली ती या मर्यादांमुळे चुकीची ठरत नाही. उत्पादकाच्या दारी जाणे, त्याचा हिशेब त्याच्यासमोर मांडणे आणि निष्कर्ष खुला ठेवणे, ही ती रीत.

गाडगिळांचा वस्तुपाठ

महाराष्ट्रात हीच रीत अधिक शास्त्रीय शिस्तीने पुढे नेली ती धनंजयराव गाडगीळ यांनी. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांचे विषय पाहावेत: पुण्यातील फळांची विक्रीव्यवस्था (१९३३), मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांची मोटारबस वाहतूक (१९३५), वाई तालुक्यातील शेती-व्यवसाय (१९४०). शेती हा 'व्यवसाय' आहे आणि त्याची पाहणी व्यवसाय म्हणूनच झाली पाहिजे, ही दृष्टी त्या शीर्षकातच आहे.

पुण्याच्या मंडईत ग्राहक जो पैसा देतो त्यातला बागाईतदाराला किती पोहोचतो आणि वाटेत कोण किती ठेवून घेतो, हा प्रश्न १९३३ साली जितका जिवंत होता तितकाच आजही आहे. या अभ्यासांनंतर गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, हा योगायोग नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्याकडे शेतकऱ्यांची संघटित इच्छा होती, गाडगिळांकडे शेतकऱ्याच्या हिशेबाचे ज्ञान होते. दोन्ही एकत्र आल्यावर कारखाना उभा राहिला. पुढे १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊसउत्पादक सभासदांनी पुण्याजवळ मांजरी येथे स्वतःची संशोधन संस्था स्थापन केली. तीच आजची वसंतदादा साखर संस्था. साखर-सहकारात पुढे शिरलेल्या दोषांवर या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने काही सांगण्याची गरज नाही. पण उत्पादक स्वतःच्या व्यवसायासाठी संशोधन उभे करू शकतात, हे तरी त्याने सिद्ध केले.

कापसाचा हिशेब कोणाकडे?

वर्धा जिल्हा कापसाचा. कापूस या पिकाचे संशोधन नागपुरात होते. केंद्रीय कापूस संशोधन संस्था तेथे १९७६ पासून आहे. जिनिंगच्या यंत्रांचे प्रशिक्षण देणारे केंद्रही नागपुरातच आहे. पीक आणि यंत्र यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांची नावे कोणीही सांगेल. पण कापसाच्या व्यवहाराचे काय? जिनिंगच्या फाटकाशी शेतकऱ्याचा भाव कसा ठरतो, याची वर्षानुवर्षांची, तालुकावार, जुळती नोंद हवी असेल तर शेतकऱ्याने जायचे कोठे?

हा प्रश्न किती पैशांचा आहे ते पाहावे. एक क्विंटल कापसातून साधारणपणे ३४ किलोच्या आसपास रुई निघते. उरलेला बहुतेक भाग सरकी, आणि थोडी घट. रुई महाग, सरकी स्वस्त. उदाहरणादाखल रुई १५० रुपये किलो आणि सरकी ३० रुपये किलो धरली, तर रुईचा उतारा एका टक्क्याने वाढला की, क्विंटलमागे १२० रुपयांचा फरक पडतो. वीस क्विंटल विकणाऱ्या शेतकऱ्याचे २,४०० रुपये झाले. हा उतारा बाजारात बहुधा मोजला जात नाही. कापूस हातात घेऊन, नजरेने, अंदाजाने भाव बोलला जातो. ओलाव्याचेही तेच. सीसीआय ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्यापलीकडचा कापूस घेत नाही. ओलावा मोजायचे यंत्र खरेदी करणाऱ्याच्या हातात असते. जिनिंगवाल्याला दिवसाच्या शेवटी कोणत्या गावच्या कापसाचा उतारा किती पडला ते कळते; ज्याने तो कापूस पिकवला त्याला ते कधीच कळत नाही. सौदा दोघांचा, पण ज्ञान एकाचेच. अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत याला लूट म्हणतात.

उत्पादनखर्चाच्या बाबतीत विद्यापीठांनी हे काम केलेले आहे, हे विसरता कामा नये. १९७०-७१ पासून केंद्र सरकारची उत्पादनखर्च-अभ्यासाची व्यापक योजना मुख्यतः कृषी विद्यापीठांच्या मार्फत चालते; हमीभावाची चर्चा त्याच आकड्यांवर होते. आकड्यांवर वाद असतील, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरायचे की नाही यावर तर मोठा वाद आहे. पण वाद घालण्यासाठीसुद्धा समान पद्धतीने मांडलेले, जाहीर आकडे लागतात. पिकवण्याचा हिशेब आहे. विकण्याचा हिशेब नाही, ही विसंगती आहे.

राज्यातील कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. २००२ नंतर खाजगी खरेदी खुली झाली. त्या योजनेचे गुणदोष हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. येथे त्यातून एकच धडा घ्यायचा. अशा योजनेचा हिशेब योजना चालवणाऱ्याने ठेवू नये, तिला विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यानेही ठेवू नये. तो तिसऱ्या, विश्वासार्ह संस्थेने ठेवावा. विद्यापीठाखेरीज अशी दुसरी संस्था कोणती?

आणि प्रश्न एकट्या कापसाचाही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार २०१५-१६ साली देशात सुमारे ६ कोटी ३४ लाख असंघटित बिगरशेती उपक्रम होते आणि ११ कोटी १० लाख माणसे त्यांत काम करीत होती. शंभरातील ८४ उपक्रम असे की, ज्यांत नियमित पगारी माणूसच नव्हता. मालक तोच मजूर. बोरगाव मेघेसारख्या वस्त्यांत जगणारा व्यवसाय तो हाच. देशाची बेरीज सरकारी पाहणीतून मिळते. पण या वस्तीतल्या शिलाईवालीला महिन्याच्या शेवटी खरोखर मजुरी सुटते की ती यंत्राचा कर्जहप्ता भरण्यासाठीच राबते, हे त्या बेरजेत दिसत नाही.

पैशाचा आणि अटींचा प्रश्न

यासाठी पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न हमखास विचारला जातो. आज अनेक विद्यापीठे उद्योगांकडे पाहतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. २०१९ साली सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाला देणगी देण्याची सोय त्यात स्पष्टपणे झाली. मात्र ती विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्यापुरती. अर्थशास्त्र व वाणिज्य त्या यादीत नाहीत. म्हणजे कापूस वेचण्याच्या यंत्राच्या संशोधनाला मिळेल तो पैसा कापसाच्या सौद्याच्या संशोधनाला त्या तरतुदीखाली मिळणार नाही.

खाजगी पैसा मुळातच अस्पृश्य आहे, असे कोणी म्हणू नये. मगनवाडी जमनालालजींच्या दानातून मिळाली, गोखले संस्था काळ्यांच्या देणगीतून. दोष देणगीत नसतो, अटीत असतो. विषय कोणी ठरवायचा आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यायची, या दोन प्रश्नांची उत्तरे 'देणगीदाराने' आणि 'देणगीदाराची' अशी असतील, तर ते संशोधन केंद्र नव्हे, कंपनीचे कार्यालय आहे. फक्त भाडे विद्यापीठ भरते. म्हणून अशा केंद्राच्या घटनेतच चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. विषय निवडणाऱ्या समितीत शेतकरी, कारागीर, छोटे दुकानदार, बचतगटातील स्त्रिया आणि कामगार-प्रतिनिधी असावेत. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त, पण आकडे खुले असावेत. निष्कर्ष मराठीत आणि त्याच हंगामात प्रसिद्ध व्हावेत. कापूस विकून झाल्यावर दोन वर्षांनी आलेला अहवाल कपाटाच्या उपयोगाचा. आणि कोणत्याही देणगीदाराला निष्कर्ष रोखण्याचा अधिकार नसावा.

कार्यकर्त्यांचे काम

हे सारे सरकार कधी तरी करील म्हणून वाट पाहणे हा चळवळीचा मार्ग नव्हे. आरंभ लहान असू शकतो. वर्ध्यात वाणिज्य-शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९४४ साली 'गांधीयन प्लॅन' मांडणारे श्रीमन्नारायण येथल्याच वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या विद्यार्थ्याला क्षेत्रीय प्रकल्पासाठी श्रेयांक मिळू लागले आहेत. हे प्रकल्प जुन्या प्रती उतरवून पुरे करण्याऐवजी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी पन्नास कापूस-उत्पादकांच्या विक्रीपावत्या, पन्नास शिलाईवाल्यांच्या वह्या, पन्नास किराणा दुकानांची उधारी समान पद्धतीने नोंदवली, तर दोन वर्षांत जिल्ह्याला कधी नव्हती अशी माहिती हाती येईल. घराघरांत विश्वास कमावण्याचे काम विद्यार्थी एकट्याने करू शकणार नाहीत; तेथे कार्यकर्त्याची ओळख लागेल. हिशेब तपासण्याचे काम कार्यकर्ता एकट्याने करू शकणार नाही. तेथे प्राध्यापक लागेल.

विद्यापीठाच्या आतही जागा आहे. २०१६ च्या कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या या निवडणुकीत शुल्क, परीक्षा आणि निकाल यांवर भाषणे होतात, ती व्हावीतच. पण विद्यापीठाच्या संशोधन-निधीतील किती रुपया छोट्या उत्पादकाच्या प्रश्नावर खर्च झाला, हा प्रश्न विचारणारा प्रतिनिधीही तेथे हवा. पदवीधर कार्यकर्त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवणे ही त्याची पहिली पायरी आहे, आणि ती बिनखर्चाची नसली तरी अवघड नाही.

कष्टकऱ्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. त्याच्या बाजूने हिशेब मांडणारे थोडे. घोषणेला उत्तर घोषणेने देता येते, पण पन्नास गावांच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवून मांडलेल्या हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते. बाजार समितीच्या सभेत, जिनिंगच्या फाटकाशी आणि विधिमंडळाच्या चर्चेत तो हिशेब ज्याच्या हातात असेल, त्याचे म्हणणे टाळणे कठीण जाईल. वर्ध्याचा येता कापूस-हंगाम सुरू होण्यापूर्वी अशा पहिल्या पन्नास वह्या घालून दिल्या जाव्यात, एवढीच या अभ्यासवर्गाकडून अपेक्षा आहे.